मुलीच्या मानेत गाठ, एफएनएसीत 'टीबी रूल आऊट करा' आलंय, औषध सुरू करू की थांबू?

मनीषनगरवाली
१४ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, इथे रोज वाचते पण लिहायची पाळी पहिल्यांदाच येऊन राहिली. मुलगी २१ वर्षांची, फायनल इयरला. नवतपा चालू असताना तिला ताप आला, १०१-१०२, संध्याकाळी चढायचा सकाळी उतरायचा, आम्ही समजलो ऊन लागलं, पन्हं, कांद्याचा रस, ओल्या पट्ट्या सगळं करून झालं. पाचसहा दिवसांनी तिची वेणी घालताना माझ्याच बोटांना लागली, उजव्या कानाच्या खाली जरा मागच्या अंगाला, बोराएवढी गाठ आणि तिच्या मागे अजून दोन बारक्या. दाबलं की दुखतात.

फॅमिली डॉक्टरांनी एक अँटिबायोटिक ५ दिवस दिलं, मग दुसरं ७ दिवस, ताप तसाच. सीबीसीत पांढऱ्या पेशी २८००, ईएसआर ६२. डेंग्यू मलेरिया विडाल निगेटिव्ह, छातीचा एक्सरे साफ. मग सुई टाकून एफएनएसी केली, त्यात लिहून आलं 'नेक्रोटायझिंग लिम्फॅडिनायटिस, टीबी रूल आऊट करा'. टीबीच्या जंतूंसाठी जो झेडएन स्टेन करतात तो निगेटिव्ह. ज्यांच्याकडे रिपोर्ट नेला ते अर्धा मिनिट पाहून म्हणाले, आपल्याकडे मानेतली गाठ म्हणजे टीबीच धरायचा, ६ महिने एकेटी (टीबीची औषधं) घ्या, आणि चिठ्ठी लिहून हातात दिली. दुसऱ्या एकांना विचारलं तर त्यांनी लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, हा शब्द काढला. त्या दिवसापासून घरात धड कोणी जेवलं नाही, नवरा रात्री २-२ वाजता मोबाईलवर काहीबाही वाचत बसतो आणि मी झोपल्याचं सोंग घेते.

एकेटीच्या गोळ्या आणून ठेवल्यात, फ्रिजवर पडून आहेत. सुरू करू का? कोणाला असा अनुभव?

संत्राबर्फी
१५ जून, सकाळी ७:१०

ताई वाचून पोटात गोळाच आला. वजन किती उतरलं? रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो का? माझ्या आत्येभावाला लिम्फोमा निघाला तेव्हा डॉक्टरांनी पहिले हेच विचारलं होतं. (तो आता ठणठणीत आहे, लग्न झालं, पोटही सुटलंय.)

मनीषनगरवाली
१५ जून, सकाळी ९:३५

वजन २ किलो गेलंय पण ती जेवतच नाही नीट. आणि घामाचं काय सांगू, कूलरची टाकी रिकामी झाली की आम्ही सगळेच भिजतो, जूनमधे नागपुरात आजाराचा घाम कोणता आणि उकाड्याचा कोणता हे ओळखायचं कसं?

इतवारीकर
१५ जून, दुपारी १:०२

ताई, मी सांगतो माह्या साळ्याचं. त्याले असीच मानेत गाठ आली होती. घरच्यांनी म्हटलं गंडमाळ आहे, कोन्या गावच्या वैद्याकडे नेलं, लेप लावला, ३ महिने गेले. मंग ते गाठ फुटली बाप्पा, भोक पडलं, रोज पू. तेव्हा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, टीबी निघाला. ६ महिने गोळ्या सरकारी दवाखान्यातूनच फुकट भेटल्या, वरून जेवणाखाण्याचे पैसे खात्यात आले. आज काही नाही, वण आहे फक्त. म्हणून म्हनतो टीबीले भेऊ नका, पण उशीरही करू नका. टीबी असला तर बरा होते.

निंबोळी२२
१५ जून, दुपारी ३:४०

एकेटी लिव्हरला लागते, त्यापेक्षा कांचनार गुग्गुळ सुरू करा, गाठींवर रामबाण आहे, माझ्या बहिणीला २१ दिवसात

संपादक
१५ जून, संध्याकाळी ५:१५

वरच्या प्रतिसादातला डोस काढून टाकला आहे. निदान झालेलं नसताना इथे कोणीही, कोणत्याही पॅथीचे डोस लिहू नयेत ही विनंती. चर्चा चालू द्या.

स्लाईडवाला
१५ जून, रात्री १०:२०

मी पॅथॉलॉजीत आहे, कुठे ते राहू द्या. तुमच्या मुलीचं निदान मी इथे बसून करणार नाही, करताच येत नाही. पण हा रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही ते सांगतो, जरा लांबेल.

एफएनएसी म्हणजे बंद सांबारवडीत सुई खुपसायची आणि सुईला जे चिकटलं त्यावरून आतलं ओळखायचं. खोबरं आहे, खसखस आहे हे कळेल, पण सारण कसं भरलंय, पारी किती जाड, मधेच कच्चं राहिलंय का, हे वडी कापल्याशिवाय नाही कळत. गाठीचंही तेच. सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची रचना येत नाही. तुमच्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की आत काही भाग मेलेला आहे. तो टीबीने मरतो, इतर कारणांनीही मरतो.

आता तुम्ही दिलेली माहिती एकाशेजारी एक मांडा. तरुण मुलगी, मानेच्या मागच्या बाजूच्या गाठी, दुखऱ्या, सोबत ताप, पांढऱ्या पेशी खाली आलेल्या, मेलेला भाग आहे पण टीबीत दिसतात तसे ग्रॅन्युलोमा (पेशींचे घट्ट पुंजके) रिपोर्टमधे लिहिलेले नाहीत (लिहिले असतील तर सांगा). नुसत्या गाठीच्या टीबीत पांढऱ्या पेशी अशा पडणं नेहमीचं नाही. हे सगळं जमलं की कोणत्याही पॅथॉलॉजिस्टच्या डोक्यात एक नाव येतंच, किकुची. १९७२ साली जपानमधे किकुची आणि फुजिमोटो या दोघांनी एकमेकांपासून वेगळं, एकाच वर्षी याचं वर्णन केलं, म्हणून किकुची-फुजिमोटो डिसीज. आशियात जास्त, चाळिशीच्या आतल्यांत जास्त, त्यात मुली जास्त. कॅन्सर नाही, टीबी नाही, लागण होत नाही, आणि बहुतेकांमधे १ ते ४ महिन्यांत आपोआप जातो. औषध लागलंच तर तापाचं आणि दुखण्याचं, फारच अडलं तर स्टेरॉईड.

पण हे नाव असं वरून लावता येत नाही, त्यासाठी अख्खी गाठ काढून बघावी लागते, एक्सिजन बायोप्सी. का, तर किकुचीला टीबी म्हटलं तर पोरगी ६ महिने नको ती औषधं खाते. लिम्फोमा म्हटलं तर त्याहून वाईट, आणि ही चूक पूर्वी पुष्कळ झालेली आहे कारण त्यात मोठ्या मोठ्या पेशी दिसतात. आणि उलटं, लिम्फोमा किंवा टीबी असताना किकुची म्हणून घरी बसलो तर ते सगळ्यात वाईट.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाठ काढायच्या आधी कोणी 'सूज उतरायला' म्हणून स्टेरॉईड देत असेल तर घेऊ नका, लिम्फोमा असेल तर तो स्टेरॉईडने तात्पुरता वितळतो आणि मग बायोप्सीत काही धड दिसत नाही. आणि गाठ काढतील तेव्हा डब्या दोन लागतात. सगळी गाठ फॉर्मॅलिनमधे टाकून मोकळे होतात लोक. फॉर्मॅलिन जंतू मारतं. मग त्या तुकड्यावर टीबीचं कल्चर होत नाही आणि सीबीनॅटचाही (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) भरवसा राहत नाही. म्हणून एक तुकडा फॉर्मॅलिनमधे हिस्टोपॅथॉलॉजीसाठी आणि एक तुकडा साध्या नॉर्मल सलाईनमधे सीबीनॅट आणि कल्चरसाठी. हे आधी बोलून ठेवा, गाठ बाहेर आल्यावर आठवून उपयोग नाही.

खडूस_म्हातारा
१५ जून, रात्री ११:४८

हे दुर्मिळ नावांचं कौतुक पुरे. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. ज्या डॉक्टराने टीबी म्हटलं त्याने काही आभाळातून नाही आणलं. इथे वाचून उद्या प्रत्येक जण फ्रिजवर गोळ्या ठेवून किकुची किकुची करत बसेल.

स्लाईडवाला
१६ जून, सकाळी ६:३०

काका, तुमच्याशी शंभर टक्के सहमत, म्हणूनच तर दोन डब्या म्हणतोय. दुसरी डबी टीबी शोधायलाच आहे.

मांजरप्रेमी
१६ जून, सकाळी ११:१५

मला काखेत आली होती, लिंबाएवढी. सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, मला वाटलं संपलं सगळं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि म्हणाल्या मनगटावर हे काय? मांजराच्या पिल्लाने ओरबाडलं होतं महिन्याभरापूर्वी, बिल्डिंगच्या पार्किंगमधून उचलून आणलं होतं ते, अंगभर पिसवा. ओरखडा बरा होऊन गेला आणि गाठ नंतर फुगली त्यामुळे माझ्या डोक्यात जोडणीच आली नाही. कॅट स्क्रॅच डिसीज, बार्टोनेला नावाचा जंतू, पिसवांमुळे मांजरात आणि मांजराच्या नखांतून आपल्यात. आठवडाभर गोळ्या आणि मग दोनेक महिन्यांत गाठ विरली. पिल्लू अजून आहे, नाव लिंबू.

तर्रीपोहे
१६ जून, दुपारी १२:३०

लिंबू 😂😂

बरं स्लाईडवालाभाऊ, मांजरावरून टोक्सोप्लाझ्मा पण होतो ना? त्यात मटणाचं पण वाचलं. आमच्या घरी दर रविवारी सावजी असते, आता बायको म्हणते बंद करा.

स्लाईडवाला
१६ जून, दुपारी २:१०

टोक्सो हे मानेच्या मागच्या गाठींचं खरंच एक कारण आहे, रक्ताच्या तपासणीत कळतं, धडधाकट माणसात बहुतेक वेळा औषधही लागत नाही. धोका कच्च्या-अर्धकच्च्या मांसाचा आणि मांजराच्या विष्ठेचा. सावजी रस्सा जितका वेळ चुलीवर उकळतो त्यात परजीवी काय, त्याचे पूर्वज पण उरणार नाहीत. वहिनींना सांगा. कच्चं मटण कापल्यावर हात आणि पाट मात्र नीट धुवा.

गोंदियाची_मावशी
१६ जून, दुपारी ४:०५

आमची आजी म्हणायची पायाला काटा रुतला की जांघेत अवधान येतं, काटा काढा, गाठ जाईल. खरंच जायची. पण विदर्भातल्यांनी जांघेतल्या गाठीकडे दुर्लक्ष करू नका, आपल्याकडे हत्तीपायाचा पट्टा आहे, नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली सगळं. रात्री रक्त घ्यायला आरोग्य खात्याचे लोक येतात तेव्हा कुत्रे भुंकतात आणि लोक दार उघडत नाहीत, मी स्वतः पाहिलंय. ते रात्रीच येतात कारण त्या जंतूची पिल्लं रात्रीच रक्तात फिरतात. आणि वर्षातून एकदा गोळ्या वाटतात त्या समोर उभं राहून खायला सांगतात, तर आमच्या वाड्यातले अर्धे गालात धरून मागे थुंकतात.

आणि हो, २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफस किती निघाला होता नागपूरकडे, आठवतं का? तापासोबत गाठ असेल तर अंगभर बघा, काखेत, कमरपट्ट्याखाली, कुठे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का. गवतातल्या बारक्या किड्याने चावल्याची खूण असते ती. पोरी लाजतात, आईनेच बघायचं.

मनीषनगरवाली
१६ जून, रात्री ९:१८

बघितलं मावशी, खपली नाही. मांजर नाही. रिपोर्ट पुन्हा वाचला, ग्रॅन्युलोमा शब्द कुठेच नाही. उद्या सर्जनची वेळ घेतली आहे, धंतोलीत.

अजनी_यार्ड
१७ जून, रात्री १२:४०

नाईट ड्युटीवर आहे म्हणून आत्ता लिहितो. माझी केस वेगळी पण कोणाच्या कामी पडेल. कानामागे फुगवटा, न दुखणारा, पण खाज अशी की बस. पहिले माझ्या लक्षातच नाही आला, न्हाव्याने सांगितला, म्हणे भाऊ इकडची बाजू जाड होऊन राहिली. ३ वर्ष तसाच काढला. रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत, जंतात वाढतात त्या पांढऱ्या पेशी) २० टक्के. आता नागपुरात इओसिनोफिल वाढले की पहिले जंताची गोळी, मग हत्तीपायाची गोळी, मग पुन्हा जंताची गोळी, मी तिन्ही कोर्स दोनदा केले. खाज तिथेच, फुगवटा तिथेच.

शेवटी काढून तपासला, किमुरा डिसीज. हो किकुची वेगळा आणि किमुरा वेगळा, दोन्ही जपानी नावं आहेत म्हणून मी पण गोंधळलो होतो. हा बाप्यांना जास्त होतो, कानामागे, जबड्याच्या कोपऱ्यात, लाळेच्या ग्रंथीपाशी. आयजीई (रक्तातलं ॲलर्जीवालं प्रोटीन) पण खूप वाढतं. कॅन्सर नाही, पण पुन्हा पुन्हा यायची खोड आहे, मला दीड वर्षाने परत आला, तेव्हा थोडे दिवस स्टेरॉईड दिलं. आणि एक महत्त्वाचं, याच्यात किडनीतून प्रोटीन जाऊ शकतं, माझी लघवी दर तपासणीला बघतात. हे मला पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, दुसऱ्यांनी सांगितलं.

धापेवाड्याचा
१७ जून, सकाळी ८:२५

आमच्या बाबांना फिट्सची गोळी सुरू केली होती, फेनिटोइन. दीड महिन्यात अंगावर पुरळ, ताप आणि मानेत, काखेत सगळीकडे गाठी. सगळे कॅन्सर कॅन्सर करू लागले. एका शिकाऊ डॉक्टर पोराने विचारलं नवीन औषध कोणतं चालू केलं हो इतक्यात? न्यूरोवाल्यांनी गोळी बदलून दिली, हळूहळू गाठी गेल्या. स्वतःच्या मनाने फिटची गोळी बंद करायची नाही मात्र, तो वेगळाच घोटाळा होतो.

संत्राबर्फी
१७ जून, सकाळी १०:००

बापरे किती कारणं आहेत. स्लाईडवाला, अजून आहेत का अशी साधी पण विचित्र?

स्लाईडवाला
१७ जून, रात्री ९:५५

साधी म्हणू नका, कॅन्सर नाही एवढंच म्हणा. दोन सांगतो कारण दोन्ही स्लाईडवर फार देखणे दिसतात (आमच्या धंद्यात देखणं म्हणजे काय ते विचारू नका).

एक रोसाई-डॉर्फमन, १९६९ चं वर्णन. बऱ्याचदा लहान मूल किंवा तरुण पोर, दोन्ही बाजूंनी मान इतकी फुगते की हनुवटी दिसेनाशी होते, पण दुखत नाही. स्लाईडवर मोठ्या मोठ्या पेशींच्या आत अख्ख्या लिम्फोसाईट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) बसलेल्या दिसतात. खाल्लेल्या नाहीत, पचलेल्या नाहीत, एसटीत बसलेल्या प्रवाशांसारख्या जिवंत, मागच्या दाराने उतरूनही जातील. याला एम्पेरिपोलेसिस म्हणतात. हे एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही. पुष्कळांना फक्त लक्ष ठेवलं तरी पुरतं.

दुसरा कॅसलमन. याचा जो एकाच जागी असणारा प्रकार आहे तो बरेचदा दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या सीटीत छातीत गाठ म्हणून सापडतो. ती एक गाठ पूर्ण काढली की विषय बहुतेक संपतो. पण त्याचाच अनेक जागी असणारा प्रकार गंभीर असतो, त्याला साधं म्हणायचं नाही, म्हणून वर म्हटलं.

आणि कोणी विचारायच्या आधी सांगतो, पेट स्कॅनने यातलं काही ठरत नाही. किकुचीची गाठही पेटमधे झगझगते आणि लिम्फोमाचीही. उजेड दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे.

मनीषनगरवाली
२४ जून, रात्री १०:४५

काल गाठ काढली. सांगते सगळं.

सर्जन चांगले होते, शांत. म्हणाले मानेच्या या भागात खांद्याची नस जाते, ती सांभाळून काढावी लागते, म्हणून भूल देऊन नीट काढू, घाईत नाही. मी फॉर्म भरतानाच दोन डब्यांचं बोलले होते. पण आत नेताना पाहिलं तर सिस्टरच्या हातात एकच बरणी, फॉर्मॅलिनची, वास आला ना. मी म्हटलं सलाईनची कुठे? त्या म्हणाल्या अहो ताई, सगळं यातच टाकतात. मी काही वाद घातला नाही, मोबाईल काढला, स्लाईडवालांचा प्रतिसाद उघडला आणि म्हटलं डॉक्टरांना एवढं दाखवा. दारातूनच डॉक्टर म्हणाले, हो हो बरोबर आहे, सलाईन आणा. नवरा धावत खाली मेडिकल स्टोअर्समधे, निर्जंतुक डबी एक, सलाईनची बाटली एक, तोपर्यंत पोरीला आत घेतलेलं.

पाऊण तासाने वॉर्डबॉयने दोन डब्या आणून दिल्या. मी बघायचं नाही ठरवलं होतं पण बघितलंच. भिजवलेल्या वालाएवढा तुकडा, गुलाबीसर राखाडी, मधे पिवळट डाग. २१ वर्षांची पोर आणि महिन्याभराची झोप एवढ्याशा वालाने घालवली. सलाईनची डबी जेलपॅकसोबत टिफिनच्या पिशवीत घालून मीच ऑटोने लॅबमधे नेली, मांडीवर धरून, सिग्नलला ऑटोवाला म्हणतो मॅडम डब्यात काय आहे इतकं जपून राहिल्या. मी म्हटलं, नमुना आहे. बिचारा पुढे काही बोलला नाही, पण स्पीड ब्रेकरवर हळू घेतली त्याने.

आज सकाळी सर्जननी तिला दोन्ही खांदे उचलून दाखवायला सांगितले. दोन्ही सारखे उचलले.

इतवारीकर
२४ जून, रात्री ११:०१

ऑटोवाल्याले माह्याकडून एक चहा.

मनीषनगरवाली
२७ जून, दुपारी १२:२०

सीबीनॅट: टीबीचा जंतू आढळला नाही. कल्चरला म्हणे ६ आठवडे लागतात. हिस्टोपॅथचं अजून यायचंय. ताप अजून आहे पण ९९-१०० वर आलाय.

खडूस_म्हातारा
२७ जून, दुपारी १:१०

सीबीनॅट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच असं धरू नका. कल्चर येऊ द्या.

स्लाईडवाला
२७ जून, दुपारी १:३५

काकांचं बरोबर आहे. गाठीत जंतू थोडे असतात, निसटू शकतात. तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचायचे असतात.

मनीषनगरवाली
३ जुलै, संध्याकाळी ६:०८

आलं!!! 'हिस्टिओसायटिक नेक्रोटायझिंग लिम्फॅडिनायटिस, किकुची-फुजिमोटो डिसीजशी सुसंगत. ग्रॅन्युलोमा नाही, झेडएन निगेटिव्ह, लिम्फोमाची चिन्हं नाहीत.' खाली पेशींच्या मार्करचं लिहिलंय, सीडी ६८ पॉझिटिव्ह आणि मायलोपेरॉक्सिडेज पॉझिटिव्ह वगैरे. स्लाईडवाला, हे समजावून सांगाल का? नवरा आज पहिल्यांदा स्वतःहून पोहे करतो म्हणाला, जळवले, पण खाल्ले सगळ्यांनी.

स्लाईडवाला
३ जुलै, रात्री ८:४०

अभिनंदन हा शब्द कोणत्याही आजारासाठी कसा वापरायचा कळत नाही, पण अभिनंदन.

किकुचीत मेलेल्या भागात पेशींच्या केंद्रकांचा भुगा दिसतो, जात्याखाली पीठ सांडावं तसा, पण एरवी पूमधे ज्या न्यूट्रोफिल पेशी असतात त्या जवळपास नसतात. हा विरोधाभास ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे तो भुगा उचलणाऱ्या हिस्टिओसाईट पेशी. त्यांचं केंद्रक दाबून कडेला गेलेलं असतं, अगदी कपाळावर लावतात त्या चंद्रकोरीसारखं. सीडी ६८ त्या हिस्टिओसाईट आहेत हे सांगतो. मायलोपेरॉक्सिडेज एरवी त्यांच्यात फारसा उमटत नाही, किकुचीत उमटतो, म्हणून तो उपयोगाचा.

आता एक काम राहिलं. ल्यूपस म्हणजे एसएलई (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), त्याची गाठ स्लाईडवर हुबेहूब अशीच दिसू शकते, आणि काहींना किकुचीच्या आधी, सोबत किंवा नंतर ल्यूपस निघतो. सगळ्यांना नाही, थोड्यांना. म्हणून एएनए (ल्यूपससाठी करतात ती रक्ताची तपासणी) करून घ्या आणि पुढची काही वर्षं गालावर लाली, सांधेदुखी, उन्हात पुरळ, केस गळणं याकडे लक्ष ठेवा. स्लाईड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या, तुमचा हक्क आहे, पुढे कधी दुसरं मत घ्यावं लागलं तर तेच लागतात, कागद नाही.

मनीषनगरवाली
१९ ऑगस्ट, रात्री ९:३०

कल्चर निगेटिव्ह आलं. एएनए निगेटिव्ह, ६ महिन्यांनी परत करायचंय. ताप जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेला, फक्त तापाच्या आणि सुजेच्या गोळ्यांवर. राहिलेल्या दोन गाठी हाताला जेमतेम लागतात. पांढऱ्या पेशी ५४००. परवा तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोरांचे लाकडी नंदी सजवत बसली होती तीन तास.

एकेटी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे मुद्दाम गेले रिपोर्ट घेऊन. भांडायला नाही, खरंच नाही. त्यांनी या वेळी नीट वाचला, दोनदा, आणि झेरॉक्स ठेवून घेतली. बाहेर बाकावर माणसं बसली होती, त्यातल्या दोघांच्या हातात तो सरकारी टीबीचा कागद. दिवसभर ज्यांच्यासमोर तेच येतं ते तेच म्हणणार. अर्धा मिनिटाचा राग मात्र अजून गेला नाही माझा. आणि इतवारीकरभाऊ, फ्रिजवरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात परत करून आले, उघडल्या नव्हत्या.

खडूस_म्हातारा
१९ ऑगस्ट, रात्री ९:५२

बरं झालं. मुलीला आशीर्वाद सांगा.

तर्रीपोहे
१९ ऑगस्ट, रात्री १०:१५

काका चक्क आशीर्वाद! धागा बुकमार्क करून ठेवला.

वर्धा_रोड
६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

जुना धागा वर काढतोय, माफ करा. बायको २९ वर्षांची, मानेत डाव्या बाजूला तीन गाठी, महिना झाला, ताप येऊन जाऊन. एफएनएसीत रिॲक्टिव्ह (म्हणजे साधी सूज) म्हटलं, पण गाठ वाढून राहिली. उद्या सकाळी ९ ला गाठ काढणार आहेत. आत्ताच सगळं वाचून काढलं. काही विचारायचं राहिलं का?

मनीषनगरवाली
६ नोव्हेंबर, रात्री ११:३१

जागीच आहे. स्टेरॉईड काही दिलं का मधे? आणि सलाईनची डबी घेतली का?

वर्धा_रोड
६ नोव्हेंबर, रात्री ११:३४

स्टेरॉईड नाही दिलं. डबी नाही घेतली. चौकातलं मेडिकल १२ पर्यंत उघडं असतं, निघालोच.